स्वतःची मजुरी धरली का?

वाचकांचे प्रश्न : घर सांभाळून धंदा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. सासऱ्यांनी घातली, आता यजमान आणि मी चालवतो. दोन्ही मुलं याच गिरणीच्या घरघरीत मोठी झाली. या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

ताई, मी चिंचवडला राहते. घरून दुपारचे डबे देते. सध्या २२ डबे जातात. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, डब्याचे ८० रुपये. पहाटे पाचला उठते. एक वाजेपर्यंत स्वयंपाक, भरणं, आवराआवर. संध्याकाळी बाजार, रात्री भाजी चिरून ठेवणं. सासूबाई भाजी निवडून देतात. मुलगी तिसरीत आहे. संध्याकाळी ती ओट्याशी बसून अभ्यास करते आणि तेवढ्यात माझा फोन वाजत राहतो. परवा कळलं, मी बाजारात गेले की ती फोन उचलून लोकांना सांगते, 'उद्यापासून डबा बंद आहे.' दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मला राग आला आणि रडूही आलं. मिस्टर म्हणतात, एवढं करून हातात काय राहतं, सोडून दे. मला सोडायचं नाही. बाहेर गाळा भाड्यानं घेतला तर घर आणि काम वेगळं होईल का?

मुलीवर रागावू नका. तिला संध्याकाळी आई हवी आहे आणि तिसरीतल्या पोरीला जे सुचलं ते तिनं केलं. तिची मागणी रास्त आहे. ती कशी पुरी करायची एवढंच आपण बघू.

तुमचं पत्र वाचताना मला वेळेच्या आधी दर खटकला. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही हिशोब केलाय: साहित्य, गॅस आणि पोचवणारा मुलगा मिळून डब्यामागे ५० रुपये जातात, ३० उरतात. २२ डब्यांचे ६६०. त्यापुढे 'नफा' असं लिहून तुम्ही खाली रेघ मारलीय. ती रेघ मला मान्य नाही. पहाटे पाच ते दुपारी एक हे आठ तास झाले. बाजार आणि चिराचिर मिळून आणखी तीन धरा. अकरा तासांचे ६६०, म्हणजे तासाला ६० रुपये. कुकर, मिक्सर, डब्यांची झीज, फोनचं रिचार्ज हे सगळं अजून त्यातूनच जायचंय. तुमच्याच सोसायटीत घरोघर पोळ्या करायला मावशी येत असतील, त्या तासाला किती घेतात ते विचारा. हे ६६० रुपये तुमची मजुरी आहे आणि तीही पुरती नाही. नफ्याचा पहिला रुपया अजून यायचाच आहे.

आता हा हिशोब करून बघा. डबा ९५ रुपये केला. समजा चार गिऱ्हाइकं सोडून गेली, १८ राहिली. डब्यामागे ४५ सुटले, म्हणजे ८१०. डबे चार कमी होऊनही दिवसाला १५० रुपये जास्त आले. १८ डब्यांच्या पोळ्या ७२. पोळीमागे २ रुपये मजुरी देऊन लाटायला-भाजायला कुणी लावलं, तर १४४ गेले. तुमच्याकडचा दर वेगळा असेल, तो घालून बघा. हातात आज पडतं तेवढंच पडेल, पण सकाळचे दोन तास तुमच्या अंगावरून उतरतील. त्या दोन तासांत आणखी डबे वाढवायचे नाहीत, हे आत्ताच ठरवून टाका. दुपारी आडवं व्हायला ते वापरा. संध्याकाळी मुलीजवळ बसताना आईचे डोळे मिटत असतील, तर त्या बसण्याचा पोरीला काय उपयोग?

दर वाढवायचा म्हटलं की आपल्या बायकांची जीभ जड होते. कांदा महागला, तेल महागलं म्हणून दर वाढवताना आपण लगेच कारण सांगतो, कारण ते महागणं बाजारातलं असतं. 'माझ्या हाताला दाम कमी पडतो' हे कारण मात्र तोंडातून निघत नाही. ते सांगायचीही गरज नाही. महिनाभर आधी सगळ्यांना एकच निरोप पाठवा: पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून डबा ९५ रुपये. मागे-पुढे काही जोडू नका, माफी मागू नका. तुमच्या हातची आमटी ज्यांना आवडते ते राहतील.

एक गोष्ट तपासा. तुमच्या ५० रुपयांत घरचा लाल सिलेंडर धरला असेल, तर तो आकडा चुकीचा आहे. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. उद्या काही अपघात झाला तर भरपाईचा प्रश्नही तिथेच अडेल. तो खर्च धरून ९५ सुद्धा कमी ठरले, तर दर शंभर करा, पण खरा हिशोब करा.

गाळा आत्ता घेऊ नका. डिपॉझिट, भाडं, विजेचं व्यावसायिक मीटर, या सगळ्याला जो पैसा लागेल तो आज तुमच्या धंद्यात नाही. शिवाय गाळा झाला की संध्याकाळी पाच वाजता तुम्ही घरात तरी कुठे असाल? घरातच वेगळेपणा करा. धंद्याचं धान्य, तेल, डबे एका कपाटात आणि घरचं दुसऱ्या. घरच्या डब्यातली साखर धंद्याच्या खिरीत गेली की दोन्ही हिशोब बिघडतात. फोनचं दुसरं सिम घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर अवे मेसेजची, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणाऱ्या निरोपाची, सोय असते, ती लावून ठेवा: 'संध्याकाळी ५ ते ८ फोन बंद. उद्याचा डबा नको असल्यास रात्री ९ पर्यंत कळवा.' ही वेळ ठरवताना मुलीला शेजारी बसवा आणि निरोप तिच्याकडून टाइप करून घ्या. ज्या वेळेसाठी ती खोटं बोलली, ती वेळ तिच्याच हातानं लिहिली जाईल.

सासूबाई भाजी निवडतात हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय. २२ डब्यांची मेथी निवडायला काय लागतं हे मला माहीत आहे. त्यांनाही महिन्याचे काही रुपये हातात द्या. त्या नको म्हणतील, तरी द्या. त्या पैशाचं त्या काय करतील हा त्यांचा प्रश्न.

आणि मिस्टरांना वही दाखवा. 'हातात काय राहतं' हा त्यांचा प्रश्न मला टोमणा वाटत नाही. तो धंद्यातला पहिला प्रश्न आहे. तुम्हाला दोघांना मिळून त्याचं उत्तर काढता आलं तर सोडून द्यायची भाषा आपोआप बंद होईल.

मुंबईत गिरणगावात खाणावळवाल्या बायका होत्या. कापड गिरणीत काम करणाऱ्या, गावाकडून एकट्यानं आलेल्या माणसांना त्या महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवू घालत. घरातच चूल, घरातच पोरं, वाण्याकडे उधारी आणि उधारी फेडायला सावकार. बँकेच्या दारात त्यांना कुणी उभं करत नव्हतं, कारण स्वयंपाक हा धंदा आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. बायका तेच पिठलं, त्याच पोळ्या करत होत्या. फरक एवढाच पडला की त्यांच्या कष्टाला कागदावर किंमत आली. तुमच्याही वहीत ती येऊ द्या.

ताई, आमचं बार्शीत कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, मेंदी, लग्नसराईत रुखवताचं सामान. मी खरेदीला जातो, वसुली बघतो. बायको सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ दुकानात बसते. मुलं दोन, एक बारावीला. गेल्या महिन्यात ती म्हणाली, मला महिन्याला पगार दे. मी नाही म्हटलं नाही, पण वडील दुखावले. ते म्हणतात, घरच्या माणसाला पगार दिला की ते घरचं राहत नाही. नवरा-बायकोत पैशाचा व्यवहार आणावा का?

आणावा. आमच्याकडे दर महिन्याच्या ५ तारखेला यजमान आणि मी दोघंही गिरणीतून पगार उचलतो. घरखर्चाला दोघांनी किती घालायचे ते ठरलेलं आहे. बाकी ज्याचं त्याच्या खात्यात.

तुमच्या वडिलांचं बोलणं मी हलक्यात घेत नाही. त्यांच्या पिढीनं दुकान म्हणजेच घर मानलं आणि त्यावर संसार उभे केले. त्यांना एकच विचारा. सूनबाई आठ तास बसते, तिच्या जागी माणूस ठेवला असता तर त्याला किती दिले असते? तो आकडा ते लगेच सांगतील, कारण त्यांनी दुकान चालवलंय. तोच आकडा तिचा पगार.

एकाच गल्ल्यावर घर आणि दुकान चाललं की काय होतं, ते मी आमच्या पेठेतल्या कितीतरी दुकानांत बघते. भाजीला गल्ल्यातून, रिक्षाला गल्ल्यातून, पाहुणे आले की पेढे गल्ल्यातून, मुलाच्या क्लासची फी गल्ल्यातून. चिठ्ठी कुठंच नाही. वर्षाअखेरीस माल विकलेला दिसतो आणि पैसा दिसत नाही. मग नवरा म्हणतो घरखर्च फार होतो, बायको म्हणते दुकानच तोट्यात आहे, आणि दोघांपैकी कोण बरोबर हे सांगायला कागदाचा चिटोराही नसतो. नवरा-बायकोत कटुता येते ती या अंधारातून. तुमची बायको पगार मागतेय म्हणजे दिवा लावा म्हणतेय. गल्ल्यातून जे उचलाल त्याची चिठ्ठी गल्ल्यातच टाका, दोघांनीही, आणि वडिलांनीसुद्धा.

पगार तिच्या एकटीच्या बचत खात्यात जाऊ द्या. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. सुरुवातीला रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो. रोज बाजारात बसणाऱ्या बाईला हिशोब येतोच. तिच्या नावावर पासबुक नसतं, एवढीच अडचण.

कराच्या बाबतीत मात्र पगार सुरू करण्याआधी तुमच्या करसल्लागाराकडे जा. पतीच्या धंद्यातून पत्नीला दिलेल्या पगाराबद्दल आयकराचे वेगळे नियम आहेत आणि काही वेळा ती रक्कम पतीच्याच उत्पन्नात धरली जाते. दुकानाचं भागीदारीपत्र करून तिला भागीदार करता येईल का, हेही विचारा. मला तो रस्ता जास्त पटतो. तुमच्या एकट्याच्या नावावर चालू खातं, शॉप अ‍ॅक्टचा दाखला आणि व्यापाऱ्यांकडची पत असेल, तर तुम्ही चार दिवस दवाखान्यात असताना तिला एक चेकसुद्धा काढता येणार नाही.

पुढच्या वेळी पुण्याला रविवार पेठेत, बोहरी आळीत खरेदीला जाल तेव्हा तिला घेऊन जा. कुठल्या टिकलीला बार्शीत मागणी आहे हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला जास्त कळतं. त्या दिवशी दुकान वडिलांकडे द्या.

ताई, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी कामगारांच्या सकाळच्या नाश्त्याचं काम घेतलंय. पोहे, उपमा, साबुदाणा, चहा. चार महिन्यांचं बिल थकलंय. अकाउंट्सवाले 'पुढच्या आठवड्यात' म्हणतात. जास्त बोलले तर काम जाईल ही भीती. मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर आहे. काय करू?

उधारीच्या प्रश्नात बायका सर्वांत जास्त संकोचतात, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही भीक मागत नाही. छोट्या उद्योगांची बिलं वेळेवर मिळावीत यासाठी देशात २००६ पासून कायदा आहे.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का ते आधी सांगा. नसेल तर आजच करा. आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल माल किंवा सेवा घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्याहून उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. बिल बुडवणाऱ्याविरुद्ध सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या समितीकडे, तक्रार करता येते. यात एक मेख आहे: नोंदणी काम सुरू होण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर आधीची बिलं मागायला गेलात तर दावा टिकवणं कठीण जातं. म्हणून ज्यांची बिलं आज वेळेवर येतात त्यांनीही हे काम करून ठेवावं.

पण तुम्ही आधी तक्रारीनं सुरुवात करू नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि थकीत बिलांची यादी तारखांसकट ईमेलनं पाठवा. तोंडी बोलणं बंद. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आलीय: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या हिशोबात दाखवून कर वाचवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. अकाउंट्सवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मार्चच्या आधी तुमचा ईमेल त्यांच्यापुढे असला पाहिजे.

फीसाठी सोनं गहाण टाकायच्या आधी कॉलेजात जाऊन हप्ते मागा. बरीच कॉलेजं देतात, विचारणारे कमी असतात.

आणि काम जाईल ही भीती. तुमचं सगळं उत्पन्न या एका कारखान्यावर आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. वर ज्या खाणावळवाल्यांबद्दल लिहिलं त्यांचे जेवणारे सगळे त्याच गिरण्यांत होते. जेवणाऱ्यांचा पगार थांबला आणि चूल पेटवणारीचा धंदा त्याच्याबरोबर थांबला. तुम्ही कितीही चांगले पोहे करा, एकाच दारावर धंदा ठेवू नका. पुढच्या सहा महिन्यांत दुसरं एखादं ऑफिस, क्लास, बँकेची शाखा शोधा, लहान का असेना. तिथून रोज थोडा रोख पैसा येऊ लागला की कारखान्याशी बोलताना आवाज आपोआप स्थिर होईल.

ताई, आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगा बारा वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला काउंटरवर बसवायचं म्हणते, तर जाऊबाई म्हणतात हा बालमजुरीचा गुन्हा आहे. खरं का? (सातारा)

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालचं मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्याला मदत करू शकतं. काम धोक्याचं नसावं आणि शाळा बुडू नये. स्टेशनरीच्या दुकानात बसायला हरकत नाही.

कायद्याचं झालं. आईचं म्हणून सांगते. आमची मुलं लहान असताना त्यांना गिरणीच्या पट्ट्याजवळ पाऊल टाकायची बंदी होती, ती मोठी होईपर्यंत पाळली. वजनकाट्याशी आणि वहीशी मात्र ती बसत. दोन-अडीच तासांवर नाही. सकाळची वेळ ठरवा आणि उन्हं चढली की त्याला खेळायला सोडा, गर्दी असली तरी. आणि सुट्टी संपताना त्याच्या हातात मजुरी द्या. दप्तर त्या पैशांतून आणायचं की पतंग, हे त्याला ठरवू द्या.

ताई, मी विट्याची. वय २६, बाळ सात महिन्यांचं. आईच्या हातची कांदा-लसूण चटणी आमच्या भावकीत प्रसिद्ध आहे. ती करून विकावी असं मनात आहे. घरचे म्हणतात बाळ मोठं होऊ दे. कधी सुरू करू?

तुझं पत्र शेवटी घेतलं कारण यात मला जास्त लिहायचं आहे. चटणी हे माझं रोजचं काम.

आधी बाळाचं. चटणीच्या कामात बाळाला सगळ्यात जास्त त्रास आईच्या हाताचा होतो. देठं काढून, मिरची भाजून, कांडून झाल्यावर तू साबणानं दहा वेळा हात धुतलेस तरी तिखट जात नाही. आमच्याकडे कांडपाला येणाऱ्या लेकुरवाळ्या बायकांना मी आधी गोडंतेल देते. तेल बोटांच्या पेरांना, नखांच्या कडांना चोळायचं, कापडानं पुसायचं, मग साबण. तिखट तेलात सुटतं, पाण्यात सुटत नाही. तरीसुद्धा ज्या दिवशी मिरची हाताळशील त्या दिवशी बाळाला अंघोळ, काजळ, तोंड पुसणं दुसऱ्या कुणी करावं. पदर किंवा ओढणी बदलल्याशिवाय पाजायला घेऊ नकोस. मिरची भाजताना बाळ घरातच नको. ठसका मोठ्यांना सोसत नाही, सात महिन्यांच्या जिवाला कसा सोसेल? आजीकडे, शेजारी, जिथं सोय असेल तिथं.

म्हणजे एक गोष्ट ठरली: रोज थोडी थोडी चटणी करायची नाही. महिन्यातले मोजके दिवस धरायचे, त्या दिवशी बाळाची पूर्ण सोय करायची आणि बाकीचे दिवस फक्त भरणं, लेबल, विक्री. ही सोय होत असेल तर बाळ मोठं व्हायची वाट बघायचं कारण नाही. होत नसेल तर घरच्यांचं ऐक, एक हंगाम थांब. चटणी पुढच्या वर्षीही खपेल.

हंगामाचं गणित नीट समजून घे. नवी मिरची बाजारात आली की फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे बायकांची रांग असते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. ब्याडगी नुसती घेतली तर रस्सा लालभडक होतो आणि जिभेला काही लागत नाही. संकेश्वरी नुसती घेतली तर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. तुझ्या आईचं प्रमाण काय आहे ते तिला 'अंदाजानं' सांगू देऊ नकोस. तिच्या ओंजळीतली मिरची काट्यावर टाक आणि ग्रॅममध्ये लिहून घे. दुसऱ्या खेपेला तीच चव आली तरच तो धंदा.

कांदा फार सांभाळायचा. उभा चिरून, उन्हात सुकवून, तेलात तांबूस कडक होईपर्यंत तळायचा. वरून रंग आला आणि आत ओल राहिली, तर चटणी कांडताना गोळा होते आणि श्रावणात बरणी उघडली की वर पांढरी बुरशी. लसणाचंही तेच. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या बायका कांडपाच्या आधी कांद्याची काप बोटात धरून मोडून बघतात. कटकन मोडली तरच पुढे. वाकली तर त्या डबा उचलून घरी जातात आणि परत उन्हात घालतात. तू हे शिकून घे. घरची चटणी खराब झाली तर आपण फेकतो. विकलेली खराब झाली तर गावभर होतं.

पैशाचं असं की मिरची, खोबरं, धने, तीळ, खडा मसाला एकदम घ्यावं लागतं आणि विक्री पुढं वर्षभर रेंगाळते. पहिल्या वर्षी पाच-दहा किलोच्या वर जाऊ नकोस. कर्ज काढायचंच झालं तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही, पण पहिला हंगाम घरच्या पैशावर कर म्हणजे काय खपतं ते कळेल. एप्रिल-मेमध्ये हातात पैसा खुळखुळतो, पाठोपाठ लग्नं येतात, अक्षय्य तृतीया येते. त्या पैशातली पुढच्या मिरचीची रक्कम त्याच आठवड्यात बाजूला काढ. फेब्रुवारीत व्यापारी उधार देईल, पण भाव त्याचा असेल.

विकायच्या आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी कर. छोट्या घरगुती उद्योगाला ती साधी नोंदणी असते, ऑनलाइन होते. तुला १४ आकडी क्रमांक मिळेल, तो प्रत्येक पाकिटावर छापायचा. सोबत घटक, वजन, किंमत, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायची तेही. तीळ घातले असतील तर घटकांत ठळक लिही, काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते.

आणि दर काढताना चिंचवडच्या ताईंना वर जे लिहिलंय ते वाच. मिरचीचा भाव, खोबऱ्याचा भाव, कांडपाची मजुरी, पाकीट, सगळं लिहिल्यावर तुझे तास लिही. देठं काढायला आई बसली तर तिचेही. ज्या दिवशी बाळ शेजारच्या काकूंकडे ठेवलं त्या दिवसाचे त्यांना काही दिलेस तर तेही. एवढं धरून किलोचा जो भाव निघेल तो भावकीलासुद्धा तोच सांग. पहिलं पाकीट चव बघायला फुकट दे, दुसऱ्यापासून पैसे घे.

कांडायला कोल्हापूरपर्यंत यायची गरज नाही, विट्यातच कांडप मिळेल. पण जिथं जाशील तिथं तुझा माल सुरू करण्याआधी यंत्र झाडून घ्यायला सांग आणि शेवटचं भांडं भरेपर्यंत तिथून हलू नकोस. यंत्रात आधीच्या बाईची चटणी राहिलेली असते.